मृणाल गोरे

मृणाल केशव गोरे (पूर्वाश्रमीच्या मोहिले, जन्म : २४ जून १९२८, मृत्यू : १७ जुलै २०१२) या महाराष्ट्रातील समाजवादी नेत्या, आमदार व खासदार होत्या. मुंबईच्या गोरेगाव या उपनगरात त्यांनी सुमारे सहा दशके सार्वजनिक कार्य केले. उपनगरातील पाणीटंचाईविरुद्ध उभारलेल्या लढ्यांमुळे त्या ‘पाणीवाली बाई’ या नावाने ओळखल्या जात. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर, १९७२ व १९८५ साली महाराष्ट्र विधानसभेवर आणि १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. गर्भलिंगनिदान चाचण्यांना आळा घालण्यासाठी त्यांनी विधानसभेत मांडलेले अशासकीय विधेयक हे त्यांचे महत्त्वाचे वैधानिक कार्य मानले जाते. या विषयावर कायदा करणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य ठरले.

प्रारंभिक जीवन

मृणाल मोहिले यांचे शिक्षण मुंबईत झाले. त्या वैद्यकीय शिक्षण घेत असताना राष्ट्र सेवा दलाच्या संपर्कात आल्या. १९४१ साली स्थापन झालेल्या या संघटनेने साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रातील तरुणांची एक पिढी समतेच्या व लोकशाही समाजवादाच्या विचाराकडे वळवली होती. पूर्णवेळ सामाजिक कार्य करण्यासाठी मृणाल यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले.

१९४८ साली त्यांचा विवाह सेवा दलातील सहकारी व समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी झाला. हा विवाह आंतरजातीय होता. विवाहानंतर गोरे दांपत्याने गोरेगाव हेच आपले कार्यक्षेत्र ठरवले. महिलांचे संघटन, कुटुंबनियोजनाचा प्रसार व स्थानिक नागरी प्रश्न ही त्यांच्या कामाची सुरुवातीची अंगे होती. कुटुंबनियोजन हा विषय उघडपणे बोलणेही अवघड मानले जाण्याच्या त्या काळात त्यांनी वस्तीतील स्त्रियांमध्ये या विषयाचे काम केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही मृणाल गोरे यांचा सहभाग होता.

१९५८ साली केशव गोरे यांचे अकाली निधन झाले. त्या वेळी मृणाल गोरे तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यावर एका लहान मुलीची जबाबदारी होती. पतीच्या निधनानंतर त्यांनी सार्वजनिक कार्य पुढे चालू ठेवले. केशव गोरे यांच्या स्मरणार्थ सहकाऱ्यांनी गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्टची स्थापना केली. ट्रस्टची वास्तू पुढे गोरेगावातील सभा, व्याख्याने, प्रशिक्षणवर्ग व चळवळींच्या बैठकांचे केंद्र बनली.

गोरेगाव आणि पाण्याचा प्रश्न

मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० साली पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढवण्यात आली. १९५७ साली ती अनुक्रमे दहिसर व मुलुंडपर्यंत नेण्यात आली. या दुसऱ्या टप्प्यात गोरेगाव महापालिकेच्या हद्दीत आले. हद्दवाढीबरोबर महापालिकेचा कारभार उपनगरांत आला, मात्र शहरातील नागरी सुविधा त्याच वेगाने आल्या नाहीत. कारखानदारीमुळे लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. चाळी व झोपडपट्ट्या उभ्या राहत होत्या, परंतु जलवाहिन्यांचे जाळे अपुरे होते. मुंबईला पाणी पुरवणारा विहार तलाव गोरेगावच्या पूर्वेस अगदी जवळ असूनही गोरेगावच्या अनेक वस्त्यांना पुरेसे पाणी मिळत नसे.

पाणी भरण्याचे काम घराघरांत स्त्रियाच करीत. त्यामुळे टंचाईचा पहिला फटका त्यांनाच बसे. रात्री-अपरात्री नळावर रांगा लावणे, दूरवरून हंडे वाहून आणणे आणि त्यापायी रोजगार बुडणे हा नित्याचा अनुभव होता. झोपडपट्ट्यांची अडचण अधिक बिकट होती. वस्ती अनधिकृत ठरली की नळजोडणीची मागणी मान्य होणे अवघड होई.

१९६१ साली मृणाल गोरे मुंबई महानगरपालिकेवर नगरसेविका म्हणून निवडून आल्या. त्यांनी पाण्याचा प्रश्न सभागृहात आणि रस्त्यावर एकाच वेळी लावून धरला. महिलांचे हंडा मोर्चे, अधिकाऱ्यांना घेराव, प्रत्यक्ष वस्तीत नेऊन करायला लावलेली पाहणी आणि त्यानंतर महापालिका सभेत त्याच माहितीच्या आधारे विचारलेले प्रश्न अशी त्यांची कार्यपद्धती होती. मोर्चात आलेल्या स्त्रियांनी आपले म्हणणे अधिकाऱ्यांसमोर स्वतः मांडावे, यावर त्यांचा भर असे. या लढ्यांमधून गोरेगावातील अनेक वस्त्यांपर्यंत पाणी पोहोचले आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले.

विधानसभेतील पहिली कारकीर्द

१९७२ साली मृणाल गोरे समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून विधानसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या आणि विरोधी पक्ष संख्येने अत्यंत दुबळे होते. अशा सभागृहात मतदानाच्या बळावर सरकारचा निर्णय बदलणे शक्य नव्हते. विरोधी सदस्यांच्या हाती प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव व अर्थसंकल्पावरील चर्चा ही साधने होती. त्यांचा वापर करून गोरे यांनी दुष्काळग्रस्त, भूमिहीन, आदिवासी व झोपडपट्टीवासीयांचे प्रश्न सभागृहात मांडले.

महागाईविरोधी आंदोलन

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील विसाव्या शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक होता. धान्य, साखर, खाद्यतेल व रॉकेल यांची टंचाई निर्माण झाली आणि भाव भडकले. याच वर्षी मुंबईत विविध पक्षांच्या महिला कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ स्थापन केली. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी या समितीच्या प्रमुख नेत्या होत्या. हे पक्ष निवडणुकीच्या मैदानात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असत. समितीच्या कामात मात्र त्यांच्या कार्यकर्त्या एका व्यासपीठावर आल्या.

हाती लाटणी घेऊन निघालेल्या हजारो स्त्रियांचा लाटणे मोर्चा आणि ठरलेल्या वेळी घराघरांतून रिकाम्या थाळ्या वाजवण्याचा थाळीनाद ही आंदोलनाची वैशिष्ट्ये होती. साठेबाजी उघडकीस आणणे, शिधावाटप दुकानांतील पुरवठ्यावर लक्ष ठेवणे व मंत्र्यांना घेराव घालून जाब विचारणे हेही कार्यक्रम समितीने केले. पूर्वी कधीही राजकीय सभेला न गेलेल्या मध्यमवर्गीय व कामगार वस्तीतील गृहिणी या आंदोलनामुळे रस्त्यावर आल्या. लाटणे हे प्रतीक स्त्रीचे स्थान स्वयंपाकघरातच गृहीत धरते, असा आक्षेप पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. तथापि स्त्रियांच्या व्यापक सहभागामुळे हे आंदोलन स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीचा एक महत्त्वाचा टप्पा मानले जाते.

आणीबाणी व लोकसभा

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. मृणाल गोरे यांनी भूमिगत राहून आणीबाणीविरोधी कार्य केले. काही महिन्यांनी त्यांना अटक झाली. स्थानबद्धतेच्या काळात त्यांना काही दिवस अकोल्याच्या कारागृहात एकांतवासात ठेवण्यात आले होते.

मार्च १९७७ मधील लोकसभा निवडणुकीत त्या जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून उत्तर मुंबई मतदारसंघातून विजयी झाल्या. याच निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा रायबरेलीत पराभव झाला. पाणीवाली बाई दिल्लीला गेली आणि दिल्लीवाली बाई पाण्यात गेली, अशा अर्थाची घोषणा त्या वेळी मुंबईत गाजली. मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य खात्याचे मंत्रिपद त्यांना देऊ करण्यात आले होते, परंतु त्यांनी ते स्वीकारले नाही. जनता पक्षातील फुटीनंतर सहावी लोकसभा ऑगस्ट १९७९ मध्ये विसर्जित झाली.

गर्भलिंगनिदानविरोधी कायदा

पार्श्वभूमी

गर्भाभोवतीच्या द्रवाची तपासणी करून गर्भातील जनुकीय दोष ओळखण्याचे तंत्र, म्हणजेच गर्भजल परीक्षण, १९७०च्या दशकाच्या मध्यात भारतात आले. या चाचणीतून गर्भाचे लिंगही कळत असल्याने मुलगी असल्यास गर्भपात करण्यासाठी तिचा वापर होऊ लागला. केंद्र सरकारने शासकीय रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही चाचणी करण्यास मनाई केली. ही मनाई खासगी रुग्णालयांना लागू नव्हती. परिणामी हा व्यवहार थांबण्याऐवजी खासगी क्षेत्रात गेला आणि १९८०च्या दशकात मुंबईसह अनेक शहरांत त्याच्या उघड जाहिराती होऊ लागल्या. मुलीच्या लग्नात पुढे द्यावा लागणारा हुंडा आणि चाचणीचा आजचा अल्प खर्च यांची तुलना काही जाहिरातींतून केली जात असे.

या प्रकाराला विरोध करण्यासाठी मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक व आरोग्य कार्यकर्ते यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात लिंगनिदान व लिंगनिवड यांच्या विरोधात एक मंच स्थापन केला. शासनाच्या सांगण्यावरून १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण, म्हणजे ८४ टक्के डॉक्टर, लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षण करीत असल्याचे तीत आढळले. हा प्रकार तुरळक असल्याचा समज या पाहणीमुळे टिकू शकला नाही.

अशासकीय विधेयक

१९८५ च्या निवडणुकीत मृणाल गोरे जनता पक्षातर्फे पुन्हा विधानसभेवर निवडून आल्या होत्या. १९८६ साली त्यांनी गर्भलिंगनिदानास बंदी घालण्यासाठी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतःच्या नावे मांडलेल्या विधेयकास अशासकीय विधेयक म्हणतात. अशा विधेयकांना सभागृहाचा मोजकाच वेळ मिळतो आणि ती संमत होण्याची उदाहरणे विरळ असतात. मात्र एखाद्या विषयावर सरकारला सभागृहात भूमिका घ्यायला लावण्याचे ते प्रभावी साधन ठरू शकते.

गोरे यांच्या विधेयकाच्या बाबतीत असेच घडले. सभागृहातील विधेयक, बाहेरील चळवळ, वृत्तपत्रांतील चर्चा व पाहणीचे निष्कर्ष यांमुळे शासनाने या विषयाचा विचार हाती घेतला आणि स्वतःचे विधेयक आणले. त्यातून प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९८८ चा अधिनियम अस्तित्वात आला. तो १० मे १९८८ पासून अमलात आला.

विधेयकाची मांडणी करताना चळवळीपुढे एक नाजूक प्रश्न होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला होता आणि सुरक्षित गर्भपाताचा हक्क स्त्रियांसाठी आवश्यक आहे, अशीच या संघटनांची भूमिका होती. त्यामुळे बंदीची मागणी गर्भपातावर न ठेवता लिंगनिदान चाचणीवर ठेवण्यात आली. ही विभागणी पुढे केंद्रीय कायद्यातही कायम राहिली.

तरतुदी व मर्यादा

१९८८ च्या अधिनियमाने प्रसवपूर्व चाचण्या केवळ जनुकीय व जन्मजात दोष शोधण्यासाठी, ठरावीक परिस्थितीतच करण्यास मुभा दिली. चाचणी करणाऱ्या केंद्रांना नोंदणी व परवाना बंधनकारक झाला. लिंगनिदानाच्या जाहिरातींना मनाई करण्यात आली. कायदा मोडणाऱ्यास कारावास व दंडाची तरतूद होती. अंमलबजावणीसाठी राज्यस्तरावर समुचित प्राधिकारी व स्थानिक पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची व्यवस्था होती.

स्त्री-संघटनांनी कायद्याचे स्वागत केले, परंतु त्यातील उणिवाही दाखवून दिल्या. त्यांपैकी प्रमुख आक्षेप पुढीलप्रमाणे होते :

• चाचण्या केवळ शासकीय संस्थांत व्हाव्यात, ही चळवळीची मागणी मान्य झाली नाही. खासगी केंद्रांना परवाना मिळाल्याने बंद दाराआड होणाऱ्या व्यवहारावर नजर ठेवणे अवघड झाले.

• चाचणी करून घेणाऱ्या स्त्रीवर कुटुंबाचा दबाव असतो, हे कायद्याने गृहीत धरले होते. तरीही तिला ५० रुपयांचा दंड ठेवण्यात आला. दंडाची रक्कम किरकोळ असली, तरी स्वतः गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने कोणतीही स्त्री तक्रारीस पुढे येणार नाही, असे संघटनांचे म्हणणे होते.

• सामान्य नागरिकास थेट न्यायालयात जाण्यास पुरेसा वाव नव्हता. कारवाईचा पुढाकार मुख्यतः शासकीय यंत्रणेवर सोपवलेला होता.

• गर्भधारणेपूर्वी लिंग निवडण्याची तंत्रे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

याखेरीज कायदा एकाच राज्यापुरता असल्याने चाचणीसाठी शेजारच्या राज्यात जाण्याची वाट मोकळी होती. केंद्रीय कायदा हाच त्यावर उपाय होता.

केंद्रीय कायदा व पुढील काळ

महाराष्ट्राच्या कायद्यानंतर केंद्रीय कायद्याच्या मागणीने जोर धरला. संसदेने १९९४ साली प्रसवपूर्व निदान तंत्रांचे नियमन व दुरुपयोगास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. तो १ जानेवारी १९९६ पासून देशभर लागू झाला आणि राज्याच्या १९८८ च्या कायद्याची जागा त्याने घेतली.

दरम्यान सोनोग्राफी यंत्रांचा प्रसार झाला होता. गर्भजल परीक्षणापेक्षा सोनोग्राफी स्वस्त व सोपी होती. ती गावोगावी पोहोचली. कायद्याची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल सेहत, मासूम या संस्था व संशोधक साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने केंद्र व राज्य सरकारांना वेळोवेळी आदेश दिले. १४ फेब्रुवारी २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणापूर्व लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. १९८८ मध्ये घेतलेला एक आक्षेप अशा रीतीने पंधरा वर्षांनी दूर झाला.

महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४६ होते. ते २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाले. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात हे प्रमाण ८०७ इतके खाली गेले होते. देशात प्रथम कायदा करणाऱ्या राज्यातच ही घसरण झाल्याने केवळ कायदा पुरेसा नाही, त्याची अंमलबजावणी व समाजाच्या मानसिकतेतील बदल दोन्ही आवश्यक आहेत, हा मुद्दा या आकड्यांच्या आधारे वारंवार मांडला गेला आहे.

विरोधी पक्षनेतेपद

१९८५ ते १९९० या विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद विरोधी पक्षांच्या वेगवेगळ्या सदस्यांकडे आळीपाळीने आले. डिसेंबर १९८८ ते १९८९ या काळात मृणाल गोरे या पदावर होत्या. सभागृहात अभ्यासपूर्ण व आक्रमक मांडणी करणाऱ्या सदस्य म्हणून त्या ओळखल्या जात.

नागरी निवारा परिषद

पाण्यापाठोपाठ घर हा मुंबईतील कष्टकरी व निम्न मध्यमवर्गीयांचा सर्वांत मोठा प्रश्न होता. १९७६ साली संसदेने नागरी जमीन कमाल धारणा कायदा केला. या कायद्यानुसार मुंबईसारख्या शहरात एका व्यक्तीस ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन बाळगता येत नसे. अतिरिक्त जमीन शासनाने ताब्यात घेऊन ती सार्वजनिक हितासाठी, विशेषतः दुर्बल घटकांच्या घरांसाठी, वापरावी असा कायद्याचा हेतू होता. प्रत्यक्षात कायद्यातील सवलतीच्या कलमांचा आधार घेऊन मोठे भूखंड कायद्यातून वगळले गेले आणि गरिबांच्या वाट्याला फारच थोडी जमीन आली.

या स्थितीविरुद्ध मृणाल गोरे, ज्येष्ठ समाजवादी नेते प. बा. सामंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नागरी निवारा परिषदेमार्फत लढा उभारला. अतिरिक्त जमीन ताब्यात घेऊन ती बेघरांच्या गृहनिर्माणासाठी द्यावी, ही परिषदेची मागणी होती. मोर्चे व निवेदनांबरोबरच न्यायालयीन लढाईचा मार्गही परिषदेने अवलंबला. दीर्घ प्रयत्नांनंतर गोरेगाव पूर्वेकडील दिंडोशी परिसरात परिषदेला जमीन मिळाली. तेथे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या माध्यमातून सुमारे ६,००० कुटुंबांची वसाहत उभी राहिली. ती आज ‘नागरी निवारा’ या नावानेच ओळखली जाते.

कमाल धारणा कायद्याचा हेतू प्रत्यक्षात उतरल्याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणून या वसाहतीचा उल्लेख केला जातो. केंद्राने हा कायदा १९९९ साली रद्द केला. महाराष्ट्राने तो नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला.

इतर सामाजिक कार्य

कौटुंबिक हिंसा, हुंड्यासाठी होणारा छळ व परित्यक्ता स्त्रियांचे प्रश्न हाताळण्यासाठी गोरेगावात ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू करण्यात आले. मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने केशव गोरे स्मारकाच्या परिसरात चालणाऱ्या या केंद्रात स्त्रियांना समुपदेशन व कायदेविषयक सल्ला दिला जाई.

१९९०च्या दशकात निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाल्यावरही त्या जनआंदोलनांत सक्रिय राहिल्या. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथील एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात त्यांनी भाग घेतला. त्या वेळी त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती.

कार्यपद्धती

मृणाल गोरे यांच्या कार्यात स्थानिक लढा व वैधानिक काम यांची सांगड सातत्याने दिसते. वस्तीत समोर आलेला प्रश्न महापालिका किंवा विधानसभेत नेणे आणि सभागृहात मिळालेले आश्वासन वस्तीत परत आणून त्याच्या पूर्ततेसाठी लोकांना संघटित करणे, असा हा दुहेरी मार्ग होता. पाणीप्रश्नात या मार्गाने नळ मिळाले. घरांच्या प्रश्नात, अस्तित्वात असलेला परंतु वापरला न जाणारा कायदा लोकांच्या संघटनेने अमलात आणून घेतला. गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नात नवा कायदा करून घेता आला, परंतु गुन्हा घराच्या व दवाखान्याच्या चार भिंतींआड घडत असल्याने आणि तक्रार करणारे कोणी नसल्याने तोच मार्ग पुढे नेणे कठीण गेले.

सत्तेत असलेल्या पक्षाच्या आमदार म्हणून त्यांनी विधानसभेत काम केले नाही आणि मंत्रिपद चालून आले तेव्हा ते घेतले नाही. त्यामुळे त्यांचे बहुतांश वैधानिक कार्य विरोधी बाकांवरून झाले आहे. संसदीय राजकारणाच्या अभ्यासात विरोधी सदस्याच्या प्रभावाचे उदाहरण म्हणूनही त्यांची कारकीर्द पाहिली जाते.

निधन व स्मारके

१७ जुलै २०१२ रोजी वसई येथे वयाच्या ८४व्या वर्षी मृणाल गोरे यांचे निधन झाले. गोरेगावात स्वामी विवेकानंद मार्ग व पश्चिम द्रुतगती महामार्ग यांना जोडणाऱ्या आणि २०१६ साली खुल्या झालेल्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या वास्तूतील एक दालनही ‘मृणालताई’ या नावाने ओळखले जाते.

हेही पहा

• अहिल्या रांगणेकर
• प्रमिला दंडवते
• राष्ट्र सेवा दल
• नागरी जमीन कमाल धारणा कायदा
• गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र अधिनियम